विकलं म्हणजे दिलं

ई-पुस्तक विकताना प्रकाशकाने त्याला कुलूप लावावं का, यावर माझं मत पक्कं आहे: लावू नये. मराठी प्रकाशकाने तर मुळीच लावू नये. याची कारणं मात्र एका ओळीत मावणारी नाहीत. काही वाचताना सुचली, काही बोलताना, काही या भोपाळ शहरात हिंडताना. जशी सुचली तशी इथे उतरवते आहे.

*

आधी कुलूप म्हणजे काय ते. तंत्रज्ञ त्याला डीआरएम म्हणतात. पुस्तकाची फाइल सांकेतिक रूपात बंद केलेली असते आणि ती उघडायची किल्ली वाचकाच्या हातात नसते. दुकानाचा सर्व्हर ती वाचकाच्या खात्यापुरती, ठरावीक ॲपपुरती, ठरावीक उपकरणांपुरती देतो. असं पुस्तक मैत्रिणीला वाचायला देता येत नाही, दुसऱ्या ॲपमध्ये उघडत नाही, बहुतेक वेळा त्याचं एक पानही छापता येत नाही. दुकान बंद पडलं किंवा त्याने नियम बदलला, तर वाचकाकडे उरते ती न उघडणारी फाइल.

बटणावर ‘खरेदी करा’ असं लिहिलेलं असतं. अटी उघडून पाहिल्या तर तिथे खरेदी नसते, वाचायचा परवाना असतो. कॅलिफोर्निया राज्याने यावर कायदाच केला. 1 जानेवारी 2025 पासून तिथल्या दुकानदाराला, परवाना विकत असेल तर तसं ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडच्या वाचकालाही एवढा प्रामाणिकपणा मिळायला हवा.

*

भोपाळच्या मराठी माणसापर्यंत पुस्तक कसं पोचतं, हे पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना कळायला हवं.

1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ राजधानी झालं. जुन्या मध्य प्रांताच्या नागपूरच्या कचेऱ्यांमधली कितीतरी मराठी कुटुंबं बदलीच्या कागदांबरोबर इथे आली. त्याच सुमाराला हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या ‘भेल’चा कारखाना उभा राहू लागला, आणि पिपलानी-बरखेड्याच्या वसाहतींत आणखी मराठी घरं वसली. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि आता नातवंडांची इंग्रजी, अशी तीन पिढ्यांची रीत झाली. नागपूर रेल्वेने सुमारे 400 किलोमीटर. मराठी पुस्तक येतं ते माहेरहून परतणारीच्या पिशवीतून, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यातून, नाहीतर मराठी मंडळाच्या कपाटातून. एक प्रत चार घरं फिरते.

डिसेंबर 2016 मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली, तेव्हा आम्हाला वाटलं की अंतर मिटलं. एका अर्थाने मिटलंच. रात्री दहा वाजता पुस्तक मागावं आणि मिनिटभरात वाचायला बसावं, हे सुख खरं आहे. मात्र चार घरं फिरायची रीत तिथेच थांबली. आजीने घेतलेलं पुस्तक नातवाच्या फोनवर तिच्या खात्याशिवाय उघडत नाही. मराठीचा धागा ज्या घरांत आधीच बारीक झाला आहे, तिथे पुस्तक हातातून हातात जाणं हाच तो टिकवायचा मार्ग असतो. कुलूप नेमकं तेच अडवतं.

*

माधवराव सप्रे यांच्या नावाचं वृत्तपत्र संग्रहालय भोपाळमध्ये आहे. मराठी पाहुणे आले की मी त्यांना भारत भवनाआधी तिथे नेते.

सप्रे मराठी घरातले. 1871 मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मले आणि हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांत गणले गेले. 1900 मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, 1907 मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केलं, आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाखाली त्यांना अटक झाली. ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं ते त्यांनीच. त्यांच्या जन्मदिनी, 19 जून 1984 ला, विजयदत्त श्रीधर यांनी हे संग्रहालय सुरू केलं. आज देशभरातले अभ्यासक जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं पाहायला तिथे येतात.

या संग्रहाकडे पाहताना एक गोष्ट मनात ठसते. हा कागद आपोआप टिकलेला नाही. ज्या मासिकांच्या कचेऱ्या कधीच उठल्या, ज्यांचे मालक-संपादक गेले, ज्यांचे छापखाने मोडीत निघाले, त्यांचे अंक वाचले. कारण वर्गणीदाराच्या माळ्यावर, गावच्या वाचनालयात, कुणाच्या तरी ट्रंकेत ते पडून होते. प्रकाशक संपला तरी प्रत संपली नव्हती. त्या प्रतीसाठी कुणाचीही परवानगी लागत नव्हती, म्हणून ती संग्रहालयाला देता आली.

आज कुलूप लावून विकलेल्या मासिकाचा अंक 2100 साली कुणाच्या माळ्यावर सापडेल?

*

दुसरं उदाहरण याच राज्याचं, आणि तेही मराठी घरातलं.

हिंदी लेखक गजानन माधव मुक्तिबोध यांचं ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक शाळांसाठी लावलं गेलं होतं. त्याविरुद्ध आंदोलन झालं आणि 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मुक्तिबोधांना तो घाव जिव्हारी लागला. 1964 मध्ये ते आजारी पडले, भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात होते, तिथून दिल्लीला नेलं, आणि 11 सप्टेंबर 1964 ला ते गेले. ते पुस्तक पुढे पूर्ण स्वरूपात पुन्हा छापलं गेलं.

बंदी होती तेव्हाही ज्यांच्या घरी प्रत होती, ती घरीच राहिली. सरकारचा हुकूम दुकानापर्यंत आणि शाळेपर्यंत पोचला. वाचकाच्या फळीवरचं पुस्तक उचलायला माणूस पाठवावा लागला असता. दुकानाच्या सर्व्हरशी बांधलेल्या पुस्तकाला माणूस पाठवायची गरज पडत नाही.

*

ही भीती काल्पनिक नाही. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची ‘1984’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही विकलेली पुस्तकं काढून घेतली. ज्याने ती दुकानात चढवली होती त्याच्याकडे तिथले हक्क नव्हते, हे कारण. ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणं केली होती, त्या टिपणांना आधारच उरला नाही.

2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. जुलैपासून लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं मिळाली नाहीत. इतकी मोठी, श्रीमंत कंपनीसुद्धा कुलूप चालू ठेवण्याचा खर्च कायमचा करत नाही. मग वाचकाने कुणाच्या भरवशावर राहायचं?

26 फेब्रुवारी 2025 पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोयही बंद झाली. नियम दुकान ठरवतं आणि दुकानच बदलतं.

*

भारतातली जोडी अधिक बोलकी आहे. 2012 मध्ये फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ या नावाने गाणी विकायला घेतली. एमपी3 फाइली, कुलूप नसलेल्या. जून 2013 मध्ये ते दुकान बंद झालं. ज्यांनी गाणी उतरवून ठेवली होती त्यांची गाणी आजही वाजतात. त्याच कंपनीने 2015 च्या अखेरीस ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा घेतलेली पुस्तकं वाचत राहायला ग्राहकांना कोबो या दुसऱ्या दुकानाकडे जावं लागलं. मालक एकच, दुकानं दोन, आणि दोन्ही मिटली. फरक फक्त कुलपाचा.

*

पुण्यातल्या एका प्रकाशकांशी यावर बोलणं झालं. वयाने माझ्याहून मोठे, धंद्यात हयात घालवलेले. त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं नोंदवते, कारण ते खोटं नाही.

“ताई, हजाराची आवृत्ती संपायला आम्हाला वर्षं लागतात. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, लेखकाचं मानधन, सगळा खर्च आधी. ई-पुस्तकाचं उत्पन्न म्हणाल तर त्यातलं चिमूटभर. आणि एक पीडीएफ व्हॉट्सॲपवर गेली की तेवढंही जातं. नवं पुस्तक सकाळी प्रकाशित झालं आणि संध्याकाळी लेखकालाच कुणी तरी त्याची पीडीएफ पाठवली, असं झालंय. तुम्ही सांगा, दार उघडं ठेवून झोपायचं का?”

मी म्हटलं, “काका, ती पीडीएफ ई-पुस्तकातून निघाली होती का?”

ते थांबले. म्हणाले, “नाही. ई-पुस्तक काढलंच नव्हतं. फोनने पानं काढलेली होती.”

*

काकांचं हे शेवटचं उत्तर हाच मुद्द्याचा गाभा आहे. मराठीत फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफ उघडून पाहा. वाकडी पानं, कडेला अंगठा, शिवणीजवळच्या ओळी बुडालेल्या. त्या छापील पुस्तकाच्या आहेत. आज प्रत्येक खिशात कॅमेरा आहे आणि फोटोची पीडीएफ करणारं ॲप फुकट आहे. भिंतीला भगदाड पडलेलं असताना दाराला आणखी एक कडी लावून काय होणार?

आणि कुलूप तोडणाऱ्याला ते तोडता येतंच. जगात कुठेही, कुणा एकाने ते एकदा तोडलं की सगळ्यांसाठी तुटलं. मग उघडी प्रत फिरते चोरट्या वाटेने आणि बंद प्रत राहते पैसे देणाऱ्याकडे. ज्याने फुकट घेतलं त्याला सोय जास्त, ज्याने विकत घेतलं त्याला अडचण जास्त. वाचकाला प्रामाणिकपणाची इतकी वाईट शिकवण दुसरी नसेल.

*

म्हणून चोरी चालू द्यावी असं मी म्हणत नाही. लेखकाच्या कष्टावर डल्ला मारणाऱ्याला कायद्याने पकडावं. 30 ऑगस्ट 2022 ला दिल्ली उच्च न्यायालयाने स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेच्या दाव्यात टेलिग्रामला आदेश दिला, की तिचं साहित्य चोरून वाटणाऱ्या चॅनेलांची माहिती न्यायालयाला द्या. सर्व्हर परदेशात आहेत ही सबब न्यायालयाने मानली नाही. मला हा मार्ग योग्य वाटतो. हजारोंना वाटणाऱ्या एका माणसाचा पाठलाग करा. वाचणाऱ्या हजारोंना संशयित करू नका.

मराठी प्रकाशकांनी या कामासाठी एकत्र वकील नेमला, तर कुलपावर होणाऱ्या खर्चापेक्षा तो पैसा सत्कारणी लागेल.

*

कुलूप काढलं तर धंदा बुडतो का? ज्यांनी काढलं त्यांच्याकडे पाहावं.

अमेरिकेतले बेन बुक्स 1999 पासून कुलपाशिवाय ई-पुस्तकं विकत आले. टॉर हे विज्ञानकथांचं मोठं प्रकाशन. 2012 मध्ये त्यांनी सगळ्या ई-पुस्तकांवरचं कुलूप काढलं. त्यांचे वाचक तंत्रज्ञान कोळून प्यायलेले, चोरी करायची तर सगळ्यात आधी तेच करतील असे. वर्षभराने टॉरच्या ब्रिटिश शाखेने जाहीर सांगितलं, की चोरीत लक्षात येण्याजोगी वाढ झालेली नाही. हॅरी पॉटरची ई-पुस्तकं 2012 मध्ये लेखिकेच्या स्वतःच्या दुकानातून आली तीही कुलपाशिवाय. फाइलमध्ये ग्राहकाची खूण तेवढी उमटवलेली.

संगीताचा धंदा याच वाटेने गेला. 2007 मध्ये ईएमआयने कुलूप काढायला सुरुवात केली आणि 2009 मध्ये ॲपलच्या दुकानातली सगळी गाणी मोकळी झाली. गाणी विकली जाणं त्याने थांबलं नाही.

अर्थात इंग्रजीची बाजारपेठ अफाट आहे, मराठीची लहान आहे. लहान बाजारपेठेत प्रत्येक प्रत मोलाची असते हे मला मान्य आहे. पण म्हणूनच प्रत्येक वाचकही मोलाचा असतो, आणि त्याला पहिल्याच खरेदीत अडचणीत टाकणं आपल्याला परवडत नाही.

*

कायदा काय म्हणतो ते पाहिलं.

1957 च्या प्रताधिकार कायद्यात छापील पुस्तकाबद्दल स्वच्छ विचार आहे. प्रती काढून लोकांत वाटण्याचा हक्क हक्कदाराचा, पण एकदा चलनात आलेल्या प्रतीवर तो चालत नाही. म्हणून आपण पुस्तक भेट देतो, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकतो, वाचनालयाला देणगी देतो. प्रकाशकाला विचारावं लागत नाही.

2012 च्या दुरुस्तीने त्यात 65अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथे ‘हेतू’ महत्त्वाचा आहे. कायद्याने ज्या गोष्टीला मनाई केलेली नाही, तिच्यासाठी कुलूप उघडणाऱ्याला हे कलम गुन्हेगार ठरवत नाही. अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यापेक्षा आपला कायदा वाचकाशी जास्त समजूतदारपणे वागतो.

तरी प्रत्यक्षात काय होतं? बरखेड्यातल्या सत्तरीच्या आजीला कलमाने दिलेली मुभा कुलूप उघडून देत नाही. तिला तंत्र येत नाही. जे कायद्याने दिलं ते कुलपाने काढून घेतलं.

*

अंध वाचकांचा विचार केला की माझा आवाज चढतो.

दृष्टिहीन माणूस संगणकावर किंवा फोनवर स्क्रीन रीडरच्या मदतीने पुस्तक ऐकतो. त्यासाठी मजकूर त्या साधनाला वाचता यायला हवा. बंद ॲपने मजकूर दडवला की त्याच्यासाठी पुस्तक कोरं. 2009 मध्ये किंडलच्या दुसऱ्या आवृत्तीत पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायची सोय आली, तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि ही सोय पुस्तकागणिक बंद करायचा अधिकार हक्कदारांना मिळाला.

भारताची बाजू इथे अभिमानाची आहे. 2012 च्याच दुरुस्तीने कलम 52 मध्ये दिव्यांगांसाठी सुलभ प्रत करायला मुभा दिली. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश कराराला 2014 मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. 2016 मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं.

मराठीत मात्र आणखी एक अडसर आहे. आपली कितीतरी पुस्तकं वर्षानुवर्षं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवली गेली. त्यांची पीडीएफ डोळ्यांना छान दिसते, पण स्क्रीन रीडरला त्यात अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं सापडतात. प्रकाशक त्यावर पुन्हा कुलूप लावतो, म्हणजे अंध वाचकापुढे दोन भिंती. कुलपावर खर्च करायचा पैसा युनिकोडमध्ये मजकूर आणायला वापरला, तर अंध वाचकाला पुस्तक मिळेल, शोधता येईल, अक्षरं मोठी करता येतील, आणि पन्नास वर्षांनीही ते उघडेल.

*

दोन भाऊ. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत, शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत. थोरल्याचा ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह 1964 मध्ये आला, तो त्याच्या आयुष्याच्या शेवटाशी. धाकट्याला ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1984 मध्ये तो गेला.

आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं प्रताधिकार राहतो. आधी 50 होती. रवींद्रनाथांचे हक्क संपत आले तेव्हा, 1992 मध्ये, ती वाढवली. या हिशेबाने गजानन माधवांचं हयातीत छापलेलं लेखन 1 जानेवारी 2025 पासून सगळ्यांचं झालं. भोपाळमधली कुठलीही शाळा, कुठलंही मंडळ ते छापू शकतं, वाटू शकतं. शरच्चंद्रांचं लेखन 2045 च्या सुरुवातीला मोकळं होईल. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ 2011 पासून सर्वांची आहे.

समाजाने लेखकाशी केलेला हा करार मला सुंदर वाटतो. काही वर्षं हक्क तुझा आणि तुझ्या वारसांचा, नंतर ग्रंथ सगळ्यांचा. कुलपाला हा करार माहीत नसतो. 60 वर्षं भरली म्हणून फाइल आपोआप उघडत नाही. 2024 मध्ये कुलूप लावून विकलेली प्रत 2025 मध्येही बंदच. ज्या ग्रंथांचे हक्क कधीच संपले तेही कुलूप लावून विकता येतात. सार्वजनिक झालेली गोष्ट अशी पुन्हा खाजगी होऊन जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

*

उलट टोकाचं उदाहरण याच शहरात आहे: एकलव्य.

1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या शाळांत विज्ञान हाताने करून शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. त्या कामातून 1982 मध्ये भोपाळला एकलव्य ही संस्था उभी राहिली. 1985 पासून त्यांचं ‘चकमक’ हे मुलांचं मासिक निघतं. अरविंद गुप्तांचं ‘कबाड़ से जुगाड़’ त्यांनीच छापलं. त्यांची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, आणि तीच पुस्तकं छापून विकलीही जातात. शिक्षणासाठी, नफा न कमावता वापरायला मोकळीक देणारी सूचना आतल्या पानावर असते: वापरा, स्रोत सांगा, आम्हाला कळवा.

याचा फायदा मराठीला झाला आहे. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाच्या प्रेरणेने पुण्यात ‘शैक्षणिक संदर्भ’ निघालं. अरविंद गुप्ता पुण्यात राहून काम करू लागले, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावर हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी पुस्तकंही शेकड्यांनी आली. खेड्यातल्या शिक्षकाने ती उतरवली, छापली, वर्गात वापरली.

एकलव्यला देणग्या आणि अनुदानं मिळतात, प्रकाशकाला मिळत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. प्रकाशकाने फुकट वाटावं असं मी म्हणतच नाही. एकलव्यकडून घ्यायचं ते एवढंच, की मोकळी प्रत उपलब्ध असली तरी छापील पुस्तक विकत घेणारे लोक असतात. वाचक आणि चोर एकच असं गृहीत धरायचं कारण नाही.

*

विक्री आणि उसनवारी यांत फरक करायला हवा.

वाचनालयाने पंधरा दिवसांसाठी ई-पुस्तक दिलं तर मुदत संपल्यावर ते बंद होणं योग्य आहे. महिन्याच्या वर्गणीत हवं ते वाचायची योजना असेल, तर वर्गणी थांबल्यावर पुस्तकं गेली तरी तक्रार नाही. तिथे वाचकाला आधीच ठाऊक असतं की हे आपलं नाही, आणि पैसेही त्याच मानाने कमी असतात. अशा ठिकाणी कुलूप राहू दे. पण जिथे पूर्ण किंमत घेऊन ‘विकत घ्या’ म्हटलं, तिथे ते निघायलाच हवं.

*

प्रकाशकाला कुलपाऐवजी काय करता येईल?

फाइलमध्ये घेणाऱ्याचं नाव उमटवावं. पहिल्या पानावर ‘ही प्रत अमुक यांच्यासाठी’ असं लिहिलेलं असलं की बहुतेक माणसं ती प्रत गावभर टाकत नाहीत. वाचनात मात्र त्याची काही अडचण होत नाही.

ई-पुस्तक छापील पुस्तकाबरोबर त्याच दिवशी यावं. अधिकृत प्रत मिळत नसते त्या दिवसांत चोरट्या प्रतीला सगळ्यात जास्त मागणी असते.

किंमत वाजवी असावी. कागद, छपाई, टपाल, वितरकाची सूट यांतलं बरंचसं इथे वाचतं, त्यातला वाटा वाचकालाही मिळावा.

फाइल युनिकोड ईपबमध्ये असावी, कुठल्याही साधनावर उघडणारी.

आणि दुकानांना विचारावं. किंडलवर स्वतः पुस्तक चढवणाऱ्या लेखकालाही, डीआरएम हवं की नको, हे निवडता येतं. कितीजण तो पर्याय वाचून निवडतात? लेखकांनीही करारावर सही करताना हे एक वाक्य मागून घ्यावं: माझं ई-पुस्तक कुलपाशिवाय विकलं जाईल.

*

1954 च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवावी लागते. तो कायदा छापील पुस्तकं समोर ठेवून केलेला. फक्त ई-पुस्तक म्हणून निघणाऱ्या मराठी पुस्तकांची उघडी प्रत एखाद्या ग्रंथालयात जमा करायचा नेम प्रकाशकांनी आपणहून पाळावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो पुस्तकं मोफत, मोकळ्या पीडीएफमध्ये ठेवली आहेत. सरकारी मंडळाला हे जमलं, तर खाजगी प्रकाशकांच्या संघटनेला निदान जतनापुरतं जमायला हरकत नसावी.

*

आमचे पुण्याचे काका शेवटी म्हणाले, “समजा आम्ही कुलूप काढलं आणि नुकसान झालं, तर?”

त्यांना पत्रातून जे लिहिलं तेच इथे लिहिते. सगळी यादी एकदम उघडू नका. ज्यांची छापील आवृत्ती संपली आहे आणि जी पुन्हा छापणं परवडत नाही, अशी दहा पुस्तकं निवडा. वारसांची संमती घ्या. युनिकोडमध्ये आणा, कुलूप लावू नका, घेणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर घाला, वाजवी किंमत ठेवा. वर्षभर चोख हिशेब ठेवा: किती प्रती गेल्या, कुठे गेल्या, चोरट्या प्रती किती दिसल्या. आणि तो हिशेब सगळ्या मराठी प्रकाशकांपुढे ठेवा, फायदा झाला तरी आणि तोटा झाला तरी. आज आपण सगळे भीतीवर किंवा भरवशावर बोलतो आहोत. त्या दिवशी आकड्यांवर बोलू.

भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद आणि पलीकडच्या सगळ्या मराठी घरांना या दहा पुस्तकांची खबर पोचवायचं काम आम्ही वाचक करू. यादी निघाल्यावर पहिली मागणी भोपाळहून येईल.